कॉजवेच्या पलीकडचे नवे जोहोर

गेल्या वर्षी गणेश चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी आमचे बाप्पा जोहोर बाहरूच्या इमिग्रेशन इमारतीत एक्स-रे मशिनपाशी अडकले. लिटल इंडियातून घेतलेली वीतभर उंचीची मूर्ती, भोवती वर्तमानपत्राचे बोळे आणि वर मोदकाचा साचा. पडद्यावर नेमके काय दिसले कोण जाणे. ड्यूटीवरच्या मलय बाईंनी खोके उघडायला लावले, आत डोकावल्या आणि त्यांचा चेहरा खुलला. "गाजाह!" त्या म्हणाल्या. मलय भाषेत हत्तीला गाजाह म्हणतात, म्हणजे आपला गजच. मागच्या रांगेतल्या एका तमिळ कामगाराने "पिल्लैयार, पिल्लैयार" असा खुलासा केला, सगळे हसले आणि पाच मिनिटांत आम्ही बाहेर पडलो.

मंडळी, आम्ही २०२३ साली सिंगापूर सोडून जोहोर बाहरूला राहायला गेलो. सोडून म्हणणेही फारसे खरे नाही. बायको रोज पहाटे सव्वापाचला निघून कॉजवे ओलांडते आणि सिंगापूरच्या ऑफिसात जाते; मी मात्र पलीकडेच काम करतो. सिंगापूरने २०१९ पासून नव्या डेटा सेंटरना परवानगी देणे थांबवले आणि २०२२ पासून मोजूनमापून पुन्हा द्यायला सुरुवात केली. त्या काळात आमच्या धंद्यातल्या बऱ्याच कंपन्यांनी समुद्राच्या एक किलोमीटर पलीकडे पाहिले. कंपनीने मला विचारले, त्याच वर्षी घरमालकाने भाडे वाढवले, आणि उरलेला निर्णय एक्सेल शीटने घेतला.

आपल्या मंडळातल्या एका ज्येष्ठ काकांनी बातमी ऐकून "म्हणजे तुम्ही आता बाहेरगावचे!" असे म्हटले. ठाण्याला आईला फोन केला तर ती म्हणाली, "अरे, ठाण्याहून निघालास, अमेरिकेला गेलास, सिंगापूरला गेलास, आणि शेवटी परत ठाण्यालाच जाऊन राहिलास की!"

आईने हे थट्टेत म्हटले, पण ते डोक्यात राहिले. मोठ्या शहराच्या सावलीत एक जुने शहर असते. त्याला स्वतःचा इतिहास असतो, पण पत्ता सांगताना मोठ्या शहराचे नाव घ्यावे लागते. आमच्या ठाण्याचे तेच झाले. शिलाहारांच्या काळी श्रीस्थानक म्हणून गाजलेले हे बंदर. मराठ्यांनी १७३७ मध्ये ते पोर्तुगीजांकडून घेतले, इंग्रजांनी १७७४ मध्ये मराठ्यांकडून. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ३४ किलोमीटर धावून पहिली आगगाडी ठाण्याला आली, आणि त्या दिवसापासून ठाणे हे "मुंबईजवळचे" झाले. वडिलांनी तीस वर्षे लोकल पकडली. जोहोर बाहरूचा इतिहास मी वाचायला घेतला तो याच समजुतीने, की हेही तसेच एक गाव असणार. मोठे शहर आधी, आणि त्याची सावली नंतर. पहिल्या दहा पानांतच समजूत चुकली. सिंगापूरची सावली जोहोर बाहरूवर पडली हे खरेच. पण हे शहर वसवणारा माणूस स्वतः सिंगापूरमधून बिऱ्हाड हलवून पलीकडे गेला होता, आणि ते पुरता विचार करून.

आधी नावाचे पाहू. जोहोर हे नाव अरबी जौहर, म्हणजे रत्न, या शब्दावरून आले असे सांगतात. आपल्याकडे जवाहीर, जवाहिऱ्या आले ते त्याच घराण्यातून. बाहरू म्हणजे नवे. जसे नवी मुंबई, तसे नवे जोहोर. त्याआधी या जागेला तांजुंग पुत्री म्हणत. तांजुंग म्हणजे भूशिर, आणि पुत्री सांगायला नको. मलय भाषेत राजवाड्याला इस्ताना म्हणतात, त्याच्या मुळाशी संस्कृत आस्थान आहे. स्थानकाचे ठाणे झाले आणि आस्थानाचे इस्ताना, म्हणजे आईचे म्हणणे भाषेच्या अंगाने तरी अगदीच खोटे नव्हते!

आता माणसांकडे येऊ. ६ फेब्रुवारी १८१९ रोजी रॅफल्सने सिंगापूरला जो करार केला, त्यावर दोन मलय सह्या होत्या. एक सुलतान हुसेनची, दुसरी तेमेंगोंग अब्दुल रहमानची. तेमेंगोंग हा दरबारातला मोठा अधिकारी, आपल्या भाषेत सरदार म्हणा. बेटावर वस्ती होती ती त्याचीच, सिंगापूर नदीच्या मुखाशी. बंदराला रंग चढू लागला तशी ती नदीकाठची जागा मोक्याची ठरली, आणि १८२३ मध्ये रॅफल्सने तेमेंगोंगच्या माणसांना शहराच्या पश्चिमेला तेलोक ब्लांगा येथे हलवायचे ठरवले. आज जिथे हार्बरफ्रंट आणि व्हिवोसिटी आहे त्याच्या जवळपास. म्हणजे सिंगापूरमध्ये जागा महाग झाली म्हणून लांब राहायला जाण्याची परंपरा शहर स्थापन झाल्यानंतर चार वर्षांतच सुरू झाली होती.

अब्दुल रहमान १८२५ मध्ये वारला. त्याचा मुलगा दाइंग इब्राहिम तेव्हा पोरसवदा होता. १८४१ मध्ये त्याला रीतसर तेमेंगोंग करण्यात आले, तेव्हा हातात फारसे काही नव्हते: पलीकडच्या किनाऱ्यावर मुख्यतः जंगल, आणि अलीकडे ब्रिटिशांची मर्जी. पण त्याच सुमाराला एक चमत्कार घडला, आणि आम्हा आयटीवाल्यांनी तो मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. जोहोरच्या जंगलात एक झाड असते, त्याच्या चिकाला गटापर्चा म्हणतात. गरम पाण्यात मऊ होतो, गार झाला की कडक, आणि समुद्राच्या पाण्यात वर्षानुवर्षे टिकतो. १८४० च्या दशकात युरोपला त्याचा शोध लागला आणि थोड्याच वर्षांत समुद्राखालून टाकायच्या तारायंत्राच्या केबलींवर त्याचे वेष्टण चढू लागले. इंग्लंड-फ्रान्स दरम्यानची १८५१ ची केबल गटापर्चानेच मढवलेली होती. १८७० साली मुंबई आणि १८७१ साली सिंगापूर समुद्रतळाने जगाला जोडले गेले ते याच चिकाच्या जोरावर. दाइंग इब्राहिमने तेलोक ब्लांगात बसून या व्यापारावर पकड बसवली आणि घराण्याला पुन्हा पैसा दिसला. पृथ्वीभोवतीच्या पहिल्या इंटरनेटचा कच्चा माल जोहोरच्या जंगलातून गेला असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही. झाडे मात्र चीक काढण्यासाठी सरसकट तोडली जात, त्यामुळे हा सुकाळ फार टिकला नाही.

त्याची जागा गॅम्बियरने घेतली. गॅम्बियर म्हणजे आपल्या काताचा चुलतभाऊ. विड्यात खातात, शिवाय कातडी कमावायला आणि कापड रंगवायला त्या काळी त्याची फार मागणी होती. सिंगापूर बेटावर चिनी शेतकरी गॅम्बियर आणि मिरी एकत्र लावत. गॅम्बियरचा उकडलेला पाला मिरीच्या वेलाला खत म्हणून चाले. गोम अशी की पाने उकळून अर्क काढायला सरपण बेसुमार लागते. एका मळ्यामागे जंगल साफ होत जाते, आणि काही वर्षांत जमीनही थकते. १८४० च्या दशकात सिंगापूरमधली जमीन आणि सरपण दोन्ही आवाक्याबाहेर जाऊ लागले. इब्राहिमने ओळखले की पलीकडे या दोन गोष्टी भरपूर आहेत. १८४४ पासून तो चिनी म्होरक्यांना एकेका नदीचे खोरे लेखी परवान्याने देऊ लागला. त्या परवान्याला सुरात सुंगाई म्हणत. सुंगाई म्हणजे नदी, आणि सुरात म्हणजे पत्र. खोऱ्याच्या मुख्याला कांगचू म्हणत. वस्ती वसवायची, मळे करायचे, अफूचा आणि जुगाराचा मक्ता सांभाळायचा आणि तेमेंगोंगला सारा द्यायचा. आपल्या खोतीची आठवण व्हावी असाच कारभार.

हे वाचताना मी माझ्या ऑफिसात बसलो होतो. खिडकीतून डेटा सेंटरची बिनखिडक्यांची भिंत दिसते. आमच्या धंद्यालाही दोनच गोष्टी लागतात, जमीन आणि वीज. थंड ठेवायला पाणी ही तिसरी. सिंगापूरमध्ये त्यांची टंचाई झाली आणि आम्ही पलीकडे आलो. सरपणाच्या जागी वीज घाला, कांगचूच्या जागी प्रोजेक्ट डायरेक्टर. १८४४ आणि २०२३ मध्ये तपशील सोडून काय बदलले, असा प्रश्न मी टीमच्या मीटिंगमध्ये विचारला होता. कुणी फारसे मनावर घेतले नाही.

१० मार्च १८५५ रोजी ब्रिटिशांच्या मध्यस्थीने सुलतान हुसेनचा मुलगा अली आणि दाइंग इब्राहिम यांच्यात तह झाला. अलीला सुलतान ही पदवी, रोख रक्कम, तनखा आणि मुआरजवळचा कसांगचा थोडा मुलूख मिळाला. बाकी सगळे जोहोर इब्राहिमच्या हाती आले. आपल्याकडच्या छत्रपती आणि पेशव्यांची आठवण इथे कुणालाही होईल. त्याच वर्षी सामुद्रधुनीच्या काठावर तांजुंग पुत्रीची वसाहत उभी राहिली. मात्र इब्राहिम स्वतः तेलोक ब्लांगातच राहिला. मुलूख पलीकडे आणि मालक अलीकडे, ही व्यवस्था त्याच्या मृत्यूपर्यंत, १८६२ पर्यंत चालली.

त्याचा मुलगा अबू बकर या गोष्टीचा खरा नायक. तो तेलोक ब्लांगात वाढला, किझबेरी नावाच्या मिशनऱ्याच्या शाळेत शिकला, इंग्रजी उत्तम बोलायचा, घोड्यांचा आणि क्रिकेटचा शौकीन. सिंगापूरच्या युरोपियन समाजात त्याची ऊठबस होती. ज्याला सिंगापूर पूर्ण मानवले आहे अशा माणसाने राजधानी हलवावी कशाला? कारण साधे आहे. तेलोक ब्लांगात तो कितीही मोठा असला तरी ब्रिटिश हद्दीतला रहिवासी होता. गव्हर्नरच्या मर्जीप्रमाणे वागायचे, ब्रिटिश कोर्टाचे समन्स घ्यायचे, आणि आपल्या राज्याचा कारभार भाड्याच्या घरातून केल्यासारखा करायचा. दुसरीकडे, सिंगापूरपासून फार दूर जाऊन चालणार नव्हते. गॅम्बियर तिथेच विकायचा, कर्ज तिथल्याच चिनी पेढ्यांकडून घ्यायचे, जहाजे तिथेच लागायची. तेव्हा त्याने जागा निवडली ती अशी की सिंगापूर समोर दिसेल, होडीने थोड्याच वेळात गाठता येईल, पण गव्हर्नरचा हुकूम पाण्याच्या काठाशी थांबेल. १८६६ मध्ये तांजुंग पुत्रीचे नाव जोहोर बाहरू झाले, त्याच वर्षी पाण्याकडे तोंड करून इस्ताना बेसार हा राजवाडा पूर्ण झाला, आणि कारभार पलीकडे गेला.

जोहोर बाहरूला राहायला येणारा प्रत्येक जण आजही हाच हिशोब करतो असे मला वाटते. मिळकतीला जवळ आणि मुठीतून थोडे बाहेर. आमच्या एक्सेल शीटमध्ये वेगळे काय होते?

अबू बकरचा हिशोब पुष्कळसा जमला. १८६८ मध्ये त्याने महाराजा ही पदवी घेतली, १८८५ मध्ये ब्रिटिशांनी त्याला सुलतान म्हणून मान्यता दिली. परराष्ट्र व्यवहार मात्र त्याच तहाने त्यांच्याकडे गेला. त्याने १८६९ मध्ये शहरापासून गुनुंग पुलाई डोंगराकडे रेल्वे टाकायला घेतली, तीही लाकडी रुळांची, कारण लोखंड महाग आणि लाकूड घरचे. थोडे अंतर गेल्यावर वाळवीने रूळ खाल्ले आणि प्रकल्प बारगळला. (कॉस्ट-कटिंगचे हे उदाहरण मी प्रेझेंटेशनमध्ये वापरतो.) आणि मग ते इंग्लंडमधले गाजलेले प्रकरण. सुलतानाने 'अल्बर्ट बेकर' या नावाने आपल्याला लग्नाचे वचन दिले आणि मोडले, असा दावा मिस मिघेल नावाच्या एका बाईने लंडनच्या कोर्टात केला. कोर्टाने ब्रिटिश सरकारला विचारले, हा माणूस नेमका कोण? कलोनियल ऑफिसने लेखी कळवले की जोहोरचा सुलतान हा स्वतंत्र राज्याचा सार्वभौम आहे. झाले, खटला तिथेच संपला. १८९४ च्या निकालपत्रांत छापलेला हा खटला कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. प्रेमप्रकरणाचे खरेखोटे कधीच तपासले गेले नाही. पण ज्या कागदासाठी त्याने सामुद्रधुनी ओलांडली होती तो कागद असा अनपेक्षित मार्गाने हाती आला. १८९५ मध्ये त्याने जोहोरला लेखी राज्यघटना दिली, त्यात राज्याचा मुलूख परक्या सत्तेला देण्याची मनाई घातली, आणि त्याच वर्षी लंडनमध्ये त्याचे निधन झाले. १९१४ मध्ये मुलगा इब्राहिम याला ब्रिटिश जनरल ॲडव्हायझर स्वीकारावाच लागला. पण आजूबाजूची मलय संस्थाने १८७० च्या दशकापासून एकामागून एक ब्रिटिश रेसिडेंटच्या हाताखाली गेली, त्यांच्यापेक्षा जोहोरने चाळीस वर्षे जास्त काढली. समोर सिंगापूर असताना हे सोपे नव्हते.

जुने शहर पायी पाहण्यासारखे आहे, आणि आपली मंडळी मॉलमध्ये जाऊन परत येतात याचे मला वाईट वाटते. सिटी स्क्वेअरमधून बाहेर पडून रस्ता ओलांडला की जालान वाँग आ फूक लागतो. हा वाँग आ फूक सुतारकाम करत कंत्राटदार झाला. इस्ताना बेसारचे काम त्याचेच. शेजारच्या गल्लीला तान ह्योक नी याचे नाव आहे. कापडाची फेरी करणारा हा माणूस जोहोरच्या चिनी समाजाचा प्रमुख झाला आणि म्हातारपणी त्याने सिंगापूरमध्ये घर बांधले. पेनांग रोड आणि क्लेमेन्सो ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावरचे 'हाउस ऑफ तान योक नी' ते हेच. १९७४ पासून सिंगापूरचे राष्ट्रीय स्मारक. माणूस एकच, उच्चार दोन, गावे दोन. त्याच गल्लीत हियाप जू बेकरीत १९१९ पासून लाकडाच्या भट्टीत केळ्याचा केक भाजतात. रांग असते, पण उभे राहा. जवळच जालान धोबी आहे. सिंगापूरला धोबी घाट आणि इथे धोबी रस्ता. कपडे धुणाऱ्या आपल्या देशबांधवांनी दोन्हीकडे नाव मागे ठेवले, स्वतःचे मात्र नाही. त्याच परिसरात चिनी देऊळ, जालान त्रुसवरचा गुरुद्वारा आणि राजमरिअम्मनचे देऊळ चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. थोडे पश्चिमेला टेकडीवर अबू बकरच्या नावाची मशीद. १८९२ ते १९०० या काळात बांधलेली, आणि मिनार पाहावेत तर थेट इंग्लिश घड्याळाच्या मनोऱ्यासारखे. संध्याकाळी तिथून समोर सिंगापूरचे दिवे लागताना दिसतात.

आता कॉजवे. सिंगापूरची रेल्वे १९०३ मध्ये वुडलँड्सपर्यंत आली, आणि १९०९ मध्ये पलीकडून जोहोरची रेल्वे किनाऱ्याला भिडली. मध्ये पाणी, त्यावर फेरीबोट. रबराचा जमाना आला तशी फेरी अपुरी पडू लागली, म्हणून १०५६ मीटर लांबीचा दगडी बांध घालायचे ठरले. दगड पुलाऊ उबिन आणि बुकित तिमाहच्या खाणींतला. १९२३ च्या सप्टेंबरमध्ये पहिल्या मालगाड्या गेल्या, १ ऑक्टोबरला प्रवासी गाड्या, आणि २८ जून १९२४ रोजी थाटात उद्घाटन झाले. २०२४ मध्ये त्याला शंभर वर्षे झाली. अबू बकरने मोजून ठेवलेले पाण्याचे अंतर असे बुजले. फायदा दोघांचाही झाला. १९२७ च्या करारानंतर गुनुंग पुलाईचे पाणी नळाने सिंगापूरला जाऊ लागले, तोच डोंगर, जिथे लाकडी रेल्वे पोचली नव्हती.

पण पाण्यावरून होडी कुठूनही नेता येते, बांधाला मात्र दोनच टोके असतात, आणि ती बंद करता येतात. ३१ जानेवारी १९४२ रोजी माघार घेणाऱ्या ब्रिटिश फौजेने तो सुरुंगाने उडवला. शेवटच्या तुकड्या बॅगपाइप वाजवत सिंगापूरला आल्या. जपानी जनरल यामाशिताने सुलतानाच्या बुकित सेरेन राजवाड्याच्या मनोऱ्यातून समोरचे बेट न्याहाळले, ८ फेब्रुवारीच्या रात्री त्याचे सैन्य होड्यांनी उतरले आणि १५ तारखेला सिंगापूर पडले. १९६५ मध्ये सिंगापूर मलेशियातून वेगळे झाले, १९६७ मध्ये कॉजवेवर पासपोर्ट तपासणी आली, आणि मे १९७३ मध्ये दोन्हीकडचे डॉलर एकास एक बदलण्याची सोय संपली. त्याआधी इकडचा डॉलर आणि तिकडचा डॉलर एकाच किमतीचा होता हे आज जोहोरमधल्या तरुणांना सांगूनही खरे वाटत नाही. एका सिंगापूर डॉलरला तीनहून जास्त रिंगिट, ही आताची गोष्ट. त्या एका आकड्यापायी रोज पहाटे चारपासून मोटारसायकलींचा लोंढा वुडलँड्सकडे वाहतो. नर्स, वेल्डर, बस ड्रायव्हर, शिक्षिका.

आणि मग १८ मार्च २०२०. मलेशियाने कोविडसाठी सीमा बंद केली. निर्णय १६ तारखेच्या रात्री जाहीर झाला. १७ तारखेला दिवसभर माणसे गाठोडी घेऊन कॉजवे ओलांडत होती, कारण नोकरी टिकवायची तर मिळेल त्या कोपऱ्यात सिंगापूरमध्ये राहायला हवे होते. आमच्या टीममधला एक मलेशियन सहकारी त्यांतला एक. बायको आणि आठ महिन्यांची मुलगी जोहोर बाहरूला, हा वुडलँड्समध्ये चौघांबरोबर एका खोलीत. तो राहायचा तिथून त्याच्या घराच्या बाजूच्या इमारती दिसत. मुलगी चालायला लागली, बोलायला लागली, ते सगळे त्याने फोनवर पाहिले. नोव्हेंबर २०२१ मध्ये मोजक्या बस सुरू झाल्या. १ एप्रिल २०२२ ला कॉजवे पूर्ण उघडला, तेव्हा तो रात्री बाराला चालत गेला. मुलीने त्याला ओळखले, पण जवळ यायला दोन दिवस घेतले. आम्ही २०२३ मध्ये घर हलवायचे ठरवले तेव्हा मी त्यालाच सल्ला विचारला. तो म्हणाला, "घर घे खुशाल. पण बायकोच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये चार दिवसांचे कपडे ठेव." आम्ही ठेवले आहेत.

आमच्यासारख्यांनी एक गोष्ट मान्य करायला हवी. आम्ही जिथे राहतो तिथले भाडे आम्हाला स्वस्त वाटते, आणि खालच्या मजल्यावरच्या शाळामास्तरांना ते परवडेनासे झाले आहे. कोपऱ्यावरचे त्यांचे कॉफीचे दुकान गेले, तिथे आता आम्हाला आवडेल असे कॅफे आहे. शहरातले हुशार कामगार सिंगापूरला जातात आणि सिंगापूरचे पगार इथे राहायला येतात. यात गावाचे म्हणून काय उरते, हे ठाण्यात वाढलेल्या माणसाने तरी विचारायला हवे.

दुसरी काळजी धंद्याची. मी एमएस केले ते अमेरिकेत लॉवेल या गावी, बोस्टनपासून तासाभराच्या आत. १८२० च्या दशकात बोस्टनच्या पैशाने तिथे नदीचे कालवे काढून कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या, १८३५ मध्ये बोस्टनहून रेल्वे आली. शंभर वर्षांत गिरण्या दक्षिणेला गेल्या आणि गाव ओस पडले. मग सत्तरच्या दशकात वांग लॅबोरेटरीज ही संगणक कंपनी आली, मनोरे उठले, लोक म्हणाले लॉवेल वाचले. १९९२ मध्ये वांगचे दिवाळे निघाले. मी तिथे पोचलो तेव्हा गिरण्यांची म्युझियम झाली होती आणि मनोऱ्यांत निरनिराळी ऑफिसे. जोहोर बाहरूने गटापर्चा संपताना पाहिला आहे, गॅम्बियर संपताना पाहिला आहे. कांगचू पद्धत १९१७ मध्ये कायद्याने बंद झाली आणि मळ्यांत रबर आले. प्रत्येक वेळी गावाने नवे पीक शोधले हे खरे, पण प्रत्येक वेळी तोडलेले जंगल काही परत आले नाही. डेटा सेंटरच्या विजेचा आणि पाण्याचा प्रश्न आता राज्य सरकारलाही जाणवतो. अर्जांची छाननी करायला २०२४ मध्ये समिती नेमली गेली. माझे पोट या धंद्यावर आहे, तरी ती समिती कडक असावी असे मला वाटते.

कॉजवेच्या शेजारी आता नवी रेल्वे होते आहे. बुकित चागार ते वुडलँड्स नॉर्थ, सुमारे ४ किलोमीटर, ताशी एका दिशेने १०,००० माणसे नेण्याची क्षमता, आणि सुरू करण्याचे लक्ष्य २०२६ ची अखेर. बायकोने कॅलेंडरवर खूण करून ठेवली आहे. घरभाडे त्याआधीच वाढले!

मध्यंतरी आई ठाण्याहून आली होती. तिला घेऊन मी तेलोक ब्लांगाला गेलो. व्हिवोसिटीपासून थोडे चालत गेले की तेमेंगोंग दाइंग इब्राहिम मशीद आहे आणि तिच्या आवारात जुन्या तेमेंगोंगांच्या कबरी. जागा सिंगापूरमध्ये, व्यवस्था आजही जोहोर सरकारकडे. अबू बकर मात्र इथे नाही, तो पलीकडे जोहोर बाहरूच्या टेकडीवर आहे. रस्त्यावरून बसेस जात होत्या, आत अगदी शांत. आईने चप्पल काढून बाहेरूनच नमस्कार केला. तिथल्या एका वयस्कर गृहस्थांनी आम्ही कुठले म्हणून चौकशी केली. आई "ठाणे" म्हणाली, ते त्यांना कळणे शक्य नव्हते. मी म्हटले, "जोहोर बाहरू."

त्यांनी हातातल्या घड्याळाकडे पाहिले. "मग चारच्या आत निघा," ते म्हणाले, "नाहीतर अडकाल."

आम्ही चार वीसला निघालो. घरी पोचायला पावणेआठ झाले.